नाईक ते जनरल : शिडीच्या मधल्या पायऱ्या



मालिकेच्या गेल्या काही भागांनंतर इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा निरनिराळ्या गावांहून आपल्या मराठी श्रोत्यांचे प्रश्न आले. त्यातले बरेचसे एकाच शब्दापाशी थांबले होते : सुभेदार. 'सुभेदार हा अधिकारी असतो की जवान?' 'त्याच्या खांद्यावर तारे दिसतात, मग तो लेफ्टनंटला सलाम का करतो?' एका ताईंनी विचारलं होतं, 'माझा मुलगा शिपाई म्हणून भरती झालाय. तो कधी कर्नल होऊ शकतो का?'

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. आजचा भाग त्याच्यासाठी. पण त्याचं उत्तर द्यायला अडीचशे-तीनशे वर्षं मागं जावं लागेल, कारण शिपाई आणि कर्नल यांच्यामधली वाट कोणी बांधली, कोणी मोडली आणि पुन्हा कशी जोडली गेली, हा आपल्या सैन्याच्या इतिहासातला फार महत्त्वाचा आणि कमी सांगितला जाणारा भाग आहे.

आधी आजची रचना दोन वाक्यांत सांगतो. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार ही एक फळी. तिच्यावर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर, म्हणजे जेसीओ, ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर. त्यांच्यावर लेफ्टनंटपासून जनरलपर्यंतचे अधिकारी. नौदलात मधल्या जागी चीफ पेटी ऑफिसर आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर असतात, हवाई दलात वॉरंट ऑफिसर. पण भूदलातला जेसीओ ही चीज जगात फारशी कुठं सापडत नाही. पाकिस्तानात सापडते, कारण आपलं आणि त्यांचं मूळ एकच. तो शिपायांतून वर येतो, सरकारचं कमिशन धारण करतो आणि तरीही वयानं निम्म्या असलेल्या लेफ्टनंटच्या हाताखाली असतो. ही गाठ कुठं पडली ते बघू.

एकसलग शिडी

नाईक आणि हवालदार हे शब्द मराठी माणसाला नवे नाहीत. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेची रचना दिली आहे. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. पायदळातही नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशीच चढण, आणि वर सरनोबत.

या रचनेत मला एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. हवालदार आणि हजारी यांच्यामध्ये भिंत नाही. इथपर्यंत एका जातीची माणसं आणि इथून पुढं दुसऱ्या, असा कायदा नाही. घराण्याचं वजन, वतनाचा मान या गोष्टी होत्याच. त्या काळात कुठल्या फौजेत नव्हत्या? पण हुद्द्यांची शिडी कागदावर तरी तळापासून वरपर्यंत एकच होती.

कंपनीनं शिडी कापली

ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या पलटणींतही देशी अधिकाऱ्याला वजन होतं. मोजके युरोपियन अधिकारी असत आणि रोजचा कारभार सुभेदार, जमादार चालवत. मद्रास प्रांतात मुहम्मद युसुफ खान नावाचा माणूस कंपनीच्या साऱ्या शिपायांचा कमांडंट झाला. स्वतंत्रपणे मोहिमा चालवणारा, किल्ले घेणारा, मदुराईचा कारभार बघणारा. पुढं त्याचं कंपनीशी आणि अर्काटच्या नबाबाशी बिनसलं आणि १७६४ मध्ये त्याला मदुराईत फाशी दिलं गेलं. तामिळनाडूत राहणाऱ्या आपल्या मंडळींना तो मरुदनायगम या नावानं माहीत असेल.

देशी माणसाच्या हाती मोठी सेना द्यावी की नाही, हा विचार कंपनीच्या डोक्यात तेव्हापासून होताच. १७९६ च्या पुनर्रचनेत पलटणींमधल्या युरोपियन अधिकाऱ्यांची संख्या बरीच वाढली आणि देशी अधिकाऱ्याच्या हातातलं काम तेवढंच कमी झालं. हुद्दा राहिला, अधिकार आटला. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुभेदार मेजर हा नवा हुद्दा आला. १८३७ मध्ये 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' हा दीर्घ आणि निष्ठावंत सेवेचा सन्मान सुरू झाला. म्हणजे मान वाढत गेला, पगारात थोडी भर पडली, पण काम तेच.

त्यात बंगाल आर्मीत बढती जवळजवळ पूर्णपणे ज्येष्ठतेवर. आधी भरती झालेला आधी वर. शिपाई सुभेदार होईपर्यंत केस पांढरे होत, गुडघे धरत. मुंबई आणि मद्रासच्या फौजांत गुणांकडे तुलनेनं जास्त बघितलं जाई. मुंबई फौजेतले, सिंध हॉर्सचे जनरल जॉन जेकब यांनी बंगालच्या या पद्धतीवर १८५७ च्या आधीपासून कडक टीका चालवली होती. त्यांचं म्हणणं सोपं होतं : म्हातारा झाला म्हणून कोणी नेता होत नाही.

बख्त खान : अनुभव होता, तयारी नव्हती

१८५७ च्या उठावाची कारणं अनेक होती आणि बढतीच्या एका पद्धतीवर सगळं ढकलणं चूक ठरेल. कोल्हापुरात मुंबई फौजेची २७ वी पलटणही उठलीच. पण आपल्या विषयासाठी त्या वर्षातला एक माणूस फार महत्त्वाचा आहे : बख्त खान.

बख्त खान हा कंपनीच्या तोफखान्यातला सुभेदार. तोफखान्यात हयात घालवलेला. बरेलीच्या पलटणी घेऊन तो जुलै १८५७ च्या सुरुवातीला दिल्लीत पोचला आणि बादशहा बहादूरशहा जफर यांनी सेनेची सूत्रं त्याच्याकडे दिली. शहरात वेगवेगळ्या छावण्यांतून आलेल्या पलटणी होत्या, शहजादे होते, पगाराचा खडखडाट होता आणि रिजवर इंग्रज बसले होते.

तोफ कशी लावायची, माणसं कशी राबवायची, शिस्त कशी ठेवायची, हे बख्त खानाला कोणी शिकवायची गरज नव्हती. इंग्रज अधिकारीसुद्धा त्याला ओळखून होते. पण पाच-सहा ठिकाणच्या तुकड्या एका योजनेत कशा बांधायच्या, रसद कशी ठरवायची, बरोबरीच्या सरदारांकडून हुकूम कसा पाळून घ्यायचा, याचा सराव त्याला चाळीस वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. २५ ऑगस्टला नजफगडजवळ हेच घडलं. नीमचची ब्रिगेड आणि बख्त खानाची बरेली ब्रिगेड इंग्रजांची पिछाडी तोडायला निघाल्या, पण दोघांत एकवाक्यता झाली नाही. निकल्सननं नीमचच्या ब्रिगेडला एकटं गाठून मोडलं. सप्टेंबरमध्ये दिल्ली पडली.

बख्त खानाला दोष देणारे बरेच इतिहासकार आहेत. मी सैनिक म्हणून बघतो तेव्हा मला वेगळं दिसतं. ज्या व्यवस्थेनं त्याला तोफेपुरतंच ठेवलं, तिनं त्याला सेनापतीपदासाठी तयार केलंच नव्हतं. शौर्य आणि अनुभव यांतून आपोआप सेनापती तयार होत नाही. त्याला वेगळं शिक्षण लागतं आणि ते वेळेत मिळावं लागतं.

व्हाइसरॉयचं कमिशन

१८५८ नंतर राणीचं राज्य आलं. फौजेची नवी घडी बसली आणि देशी अधिकारी पुढं 'व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर', व्हीसीओ, म्हणून ओळखला जाऊ लागला. इंग्रज अधिकाऱ्याला राजाचं कमिशन, देशी अधिकाऱ्याला व्हाइसरॉयचं. सगळ्यात ज्येष्ठ रिसालदार मेजरसुद्धा काल विलायतेहून आलेल्या सेकंड लेफ्टनंटच्या खाली. १८५७ नंतर काही दशकं सुभेदाराकडे निदान कंपनी असे. विसाव्या शतकाच्या तोंडावर डबल कंपनी पद्धत आली आणि त्याच्याकडे अर्धी कंपनी उरली. पहिल्या महायुद्धानंतर ती प्लाटून झाली. म्हणजे तलवार तीच, हद्द मात्र लहान होत गेली.

याची किंमत फ्रान्समध्ये दिसली. १९१४ मध्ये हिंदी पलटणी तिथं उतरल्या तेव्हा एका पलटणीत बारा-तेरा इंग्रज अधिकारी असत. गोऱ्या पलटणीत त्याच्या दुपटीहून अधिक. पहिल्या काही आठवड्यांतच ते अधिकारी पडू लागले. मग 'हिंदी शिपाई इंग्रज अधिकाऱ्याशिवाय लढू शकत नाही' असं लिहिलं, बोललं जाऊ लागलं.

पण एप्रिल १९१५ मध्ये यप्रच्या लढाईत, जिथं जर्मनांनी विषारी वायू सोडला होता, तिथं जमादार मीर दस्त यांनी काय केलं? पलटणीत एकही इंग्रज अधिकारी उभा उरला नाही, तेव्हा त्यांनी विखुरलेली माणसं गोळा केली, माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांना ताब्यात ठेवलं आणि गोळीबारात जाऊन आठ जखमी अधिकाऱ्यांना बाहेर काढलं. त्यात इंग्रज होते आणि हिंदीही होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नेतृत्व होतं. ते ओळखायची आणि वाढवायची सोय तेवढी नव्हती.

नौगाँवची शाळा

१९१७ मध्ये राजाचं कमिशन हिंदी माणसाला खुलं झालं. सँडहर्स्टमध्ये वर्षाला दहा जागा. इंदूरच्या डेली कॉलेजमध्ये तात्पुरती कॅडेट शाळा निघाली. फील्ड मार्शल करिअप्पा तिथूनच आले. पण या जागा कोणाला? इंग्रजी शिक्षण झालेल्या, बऱ्या घरच्या मुलांना. शिपायाच्या पोराला सँडहर्स्टची परीक्षा म्हणजे चंद्रावर जाण्यासारखं. फौजेचा व्यवहार तेव्हा रोमन उर्दूत चालत असे. हुशार हवालदारालाही वाचता-लिहिता येत होतं ते त्यात. इंग्रजीत नकाशा वाचणं, हुकूम लिहिणं हे त्याच्यासाठी बंद दार होतं.

म्हणून १९२९ साली एक लहानसं दिसणारं काम झालं, ते मला फार मोठं वाटतं. बुंदेलखंडात, छतरपूरजवळ नौगाँव छावणीत किचनर कॉलेज सुरू झालं. रेजिमेंटमधल्या निवडक तरुण जवानांना आणि व्हीसीओंना तिथं आणायचं, इंग्रजी, गणित, सामान्य ज्ञान, नकाशा शिकवायचं आणि पुढच्या अधिकारी प्रशिक्षणासाठी तयार करायचं. नुसती बढती देण्याऐवजी आधी तयारी करून घ्यायची, ही कल्पना आपल्या सैन्यात तिथं पहिल्यांदा नीट रुजली.

तीन वर्षांनी, १ ऑक्टोबर १९३२ रोजी, देहरादूनला इंडियन मिलिटरी ॲकॅडमीत पहिली चाळीस मुलं दाखल झाली. सर फिलिप चेटवूड यांच्या समितीनं जागांची वाटणी ठरवली होती : पंधरा खुल्या परीक्षेतून, पंधरा फौजेतल्या जवानांतून, दहा संस्थानांच्या सैन्यांतून.

आता त्या पहिल्या तुकडीकडे बघा. त्यात सॅम माणेकशॉ होते, हे सगळ्यांना माहीत असतं. ते खुल्या परीक्षेतून आलेले. पण त्याच तुकडीत स्मिथ डन होते, बर्मातल्या कॅरेन समाजाचे, बर्मा रायफल्समध्ये शिपाई म्हणून सुरुवात केलेले. तुकडीतल्या सर्वोत्तम कॅडेटची सन्मानाची तलवार त्यांनी मिळवली आणि स्वतंत्र बर्माचे ते पहिले सेनाप्रमुख झाले. आणि मोहम्मद मुसा होते. १९२६ साली हजारा पायोनियर्समध्ये जवान म्हणून भरती झालेले, नाईक होऊन ॲकॅडमीत आलेले. १९५८ पासून १९६६ पर्यंत ते पाकिस्तानचे सेनाप्रमुख होते. १९६५ च्या युद्धात समोरच्या बाजूला तेच होते.

एका तुकडीतून तीन देशांचे तीन सेनाप्रमुख. त्यातले दोघं शिपाई म्हणून भरती झालेले. ज्या माणसांना फक्त प्लाटूनपुरतं योग्य समजलं जात होतं, त्यांना तीन-चार वर्षांचं नीट शिक्षण मिळालं तेव्हा काय झालं, ते यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

नौगाँवची गोष्ट इथं संपत नाही. मोहन सिंग १९२७ मध्ये पंजाब रेजिमेंटमध्ये शिपाई म्हणून भरती झाले, नौगाँवला शिकले, देहरादूनला गेले आणि १९३५ मध्ये कमिशन घेऊन बाहेर पडले. १९४२ मध्ये मलायात पहिली आझाद हिंद सेना उभी केली ती याच कॅप्टन मोहन सिंग यांनी. लाल किल्ल्यातल्या १९४५ च्या खटल्यातले गुरबक्ष सिंग धिल्लन हेही शिपाई म्हणून लागले आणि नौगाँव-देहरादून या वाटेनं अधिकारी झालेले. इंग्रजांनी शिपायाला विचार करायला शिकवलं, आणि शिकलेल्या माणसानं कोणत्या बाजूनं विचार करावा हे मग त्यांच्या हातात राहिलं नाही.

स्वातंत्र्यानंतर

१९४७ नंतर प्रश्न होता : व्हीसीओ ठेवायचा की मोडायचा? तिसाव्या दशकात, ज्या पलटणींचं हिंदीकरण चाललं होतं तिथं इंग्रजांनी व्हीसीओ काढून त्याच्या जागी देहरादूनचे तरुण अधिकारी प्लाटूनवर बसवायला सुरुवात केली होती. महायुद्धाच्या रेट्यात ती योजना मागं पडली. स्वतंत्र भारतानं हुद्दा ठेवला, नाव बदललं : जेसीओ. १९६५ मध्ये जमादारचा नायब सुभेदार झाला. अधिकारी कमी होते, आणि गावाकडून आलेला जवान व शहरातून आलेला लेफ्टनंट यांच्यामध्ये दोघांची भाषा कळणारं माणूस हवं होतं.

तो निर्णय चुकीचा नव्हता, हे युद्धांनी दाखवलं. २३ ऑक्टोबर १९६२ रोजी तवांगच्या वाटेवर, बुम ला भागात, सुभेदार जोगिंदर सिंग यांनी शीख रेजिमेंटची प्लाटून घेऊन चिन्यांच्या लाटांमागून लाटा थोपवल्या. १९८७ मध्ये सियाचिनवर नायब सुभेदार बाना सिंग यांनी जे शिखर घेतलं ते आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. दोघांनाही परमवीर चक्र मिळालं.

पण प्लाटूनच्या पुढं काय? त्यासाठी नौगाँवची कल्पना पुन्हा उभी राहिली. १६ मे १९६० रोजी जनरल थिमय्यांच्या हस्ते आर्मी कॅडेट कॉलेज, एसीसी, सुरू झालं.  १९७७ मध्ये ते पुण्याहून देहरादूनला ॲकॅडमीच्या आवारात हललं. वीस ते सत्तावीस वयाचा, किमान दोन वर्षं सेवा झालेला, बारावी पास जवान परीक्षा देऊ शकतो. मग सर्व्हिस सिलेक्शन बोर्डाचे पाच दिवस, वैद्यकीय तपासणी, तीन वर्षं पदवीचं शिक्षण, आणि त्यानंतर एक वर्ष इतर कॅडेटांबरोबर ॲकॅडमीत. त्याहून मोठ्या वयाच्या, तिशीच्या आसपासच्या हवालदार आणि जेसीओंसाठी वेगळ्या कमिशनची वाट आहे.

इथं थोडं माझं. मी स्वतः १९८० मध्ये शिपाई म्हणून भरती झालो. सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावचा. तीन वर्षांनी एसीसीत गेलो, जेएनयूची पदवी घेतली आणि १९८७ मध्ये खांद्यावर तारे लागले. मला या वाटेवर ढकललं ते पलटणीच्या एका शिक्षण हवालदारानं. रात्री लंगर झाल्यावर तो आम्हा तिघांना कंदिलाजवळ बसवून इंग्रजी वर्तमानपत्राचा एक रकाना वाचायला लावायचा आणि तेच हिंदीत सांगायला लावायचा. 'उस्ताद, झोप येते' म्हटलं की म्हणायचा, 'झोप पेन्शनीत घे.' त्याचा पगार त्यानं एका पैशानं वाढणार नव्हता.

पुढं कॅप्टन असताना मी एका कोर्ससाठी गेलो. तिथं प्रशासन सांभाळणारे सुभेदार साहेब मला दिसले आणि माझे पाय आपोआप जुळले. मी शिपाई असताना ते माझे सेक्शन कमांडर होते, तेव्हा नाईक. त्यांनी माझ्याआधी सलाम ठोकला आणि हळूच मराठीत म्हणाले, 'साहेब, आता तुम्ही हात खाली घ्या, पोरं बघतायत.' मी त्यांच्यापेक्षा हुशार होतो म्हणून वर गेलो असं मला कधीच वाटलं नाही. माझ्या पलटणीत कंदील लावणारा हवालदार होता. त्यांच्या वेळी तिथं तसं कोणी नव्हतं. हा फरक गुणवत्तेचा नव्हे, तयारीचा.

हिशोब वयाचा

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो. मुलगा कर्नल होऊ शकतो का? हो. मी झालो, माझ्याबरोबरचे अनेक झाले. जनरलच्या हुद्द्यापर्यंत जाणं मात्र अवघड, आणि त्याचं कारण साधं अंकगणित आहे.

एनडीएतून येणारा मुलगा एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट होतो. एसीसीवाला पंचविशी ते तिशीच्या दरम्यान. माझ्या काळात कर्नल चोपन्नाव्या वर्षी निवृत्त होई, ब्रिगेडियर छप्पन्नाव्या, मेजर जनरल अठ्ठावन्नाव्या. प्रत्येक हुद्द्यासाठी ठराविक वर्षं सेवा लागते. चार ते सात वर्षं उशिरा सुरू केलेल्याची वर पोचण्याआधीच वयाची रेघ येते. कोणी मुद्दाम अडवत नाही, पण घड्याळ अडवतं. माझ्या सेवेत एका वरिष्ठानं मला 'रँकर' म्हणून हिणवलं होतं. ते मी केव्हाच सोडून दिलं. घड्याळाचं मात्र सोडून देता येत नाही, कारण ते पुढच्या पोरांनाही अडवणार आहे.

उपाय आहे का? मला वाटतं, माणूस लवकर हेरणं. जो पोरगा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नकाशा पटकन वाचतो, ज्याच्याकडे सेक्शनमधली बाकीची पोरं अडचणीत बघतात, त्याला कंपनी कमांडरनं तेव्हाच वेगळं काढावं. एसीसीची परीक्षा ही रजेच्या अर्जासारखी 'ज्याला द्यायची त्यानं द्या' अशी नसावी. प्रत्येक कंपनीनं ती आपली जबाबदारी मानावी.

सुभेदार मेजरची खुर्ची

दुसरी गोष्ट. प्रत्येकानं अधिकारीच व्हावं असं नाही. पलटणीत सुभेदार मेजर ही एकच जागा असते. शंभर जेसीओ-हवालदारांतून एक तिथं पोचतो आणि जेमतेम चार वर्षं तिथं राहतो. तो कमांडिंग ऑफिसरचा कान असतो. कोणाच्या घरी जमिनीचं भांडण आहे, कोणत्या कंपनीत रजेवरून कुजबुज चालली आहे, कोणता तरुण अधिकारी पोरांशी तोडून बोलतो, हे त्याला कळतं आणि ते कसं सांगायचं हेही कळतं. सैनिक संमेलनात जवान जे बोलत नाही, ते तो सुभेदार मेजर साहेबांच्या खोलीत बोलतो.

पण या खुर्चीसाठी त्याला तयार कोण करतं? हवालदाराच्या आणि जेसीओच्या बढतीसाठी कॅडर आहेत, बेळगावला इन्फंट्री स्कूलची ज्युनियर लीडर्स विंग आहे, बरेलीला ज्युनियर लीडर्स ॲकॅडमी आहे. तिथं उत्तम शिकवतात. तरी त्यांचा भर प्लाटूनवर, म्हणजे तीस-पस्तीस माणसांवर. सुभेदार मेजरला आठशे माणसांच्या पलटणीचा विचार करायचा असतो.

अमेरिकेनं हा प्रश्न व्हिएतनामच्या काळात सोडवायला घेतला. १९६६ मध्ये त्यांनी सार्जंट मेजर ऑफ द आर्मी हे पद निर्माण केलं : साऱ्या भूदलातल्या जवानांच्या वतीनं थेट सेनाप्रमुखांशी बोलणारा एक माणूस. १९७२ मध्ये टेक्ससमधल्या फोर्ट ब्लिसला सार्जंट मेजर्स ॲकॅडमी स्थापन झाली. तिथं ज्येष्ठ सार्जंट मोठ्या मुख्यालयाचं काम, नियोजन, लेखन शिकतात. आपण त्यांची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. आपल्या सुभेदार मेजरची परंपरा त्यांच्या ॲकॅडमीपेक्षा दीडशे वर्षांनी जुनी आहे. पण परंपरा जुनी असली की शिक्षणाची गरज नाही, असं समजण्याची चूक बंगाल आर्मीनं केली होती.

आजचा पेच

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना पुढं कायम. त्या योजनेच्या राजकारणात मी जात नाही. मला चिंता हवालदाराची आहे. हवालदार दहा-पंधरा वर्षांत मुरतो, सुभेदार वीस-पंचवीस वर्षांत. आज जी मुलं चार वर्षांनी निवडली जातील, तीच २०४५ च्या आसपास सुभेदार मेजर असतील. म्हणजे पुढच्या पिढीचा सगळा मधला कणा या निवडीवर ठरणार.

ही निवड नुसती धावण्याच्या वेळेवर आणि गोळीबाराच्या गुणांवर झाली, तर आपल्याला उत्तम शिपाई मिळतील. पण चार वर्षांच्या त्या काळात जर प्रत्येक पलटणीत कोणीतरी कंदील लावला, भाषा शिकवली, छोटी जबाबदारी देऊन बघितली, तर तीच चार वर्षं आपल्याला आजवर कधी न मिळालेली लवकर हेरण्याची संधी देतील. दोन्ही शक्य आहे. कोणतं होईल ते दिल्लीतल्या कागदावर जेवढं ठरेल, त्यापेक्षा जास्त कंपनीच्या लाइनीत ठरेल.

ताई, तुमच्या मुलाला माझा एक निरोप द्या. दोन वर्षं सेवा पूर्ण झाली की एसीसीचा अर्ज मागून घे. रोज अर्धा तास इंग्रजी आणि अर्धा तास नकाशा. परीक्षा पहिल्यांदा निघाली नाही तर दुसऱ्यांदा दे. सत्ताविशीपर्यंत वेळ आहे. आणि नाहीच जमलं, तर असा हवालदार हो की तुझ्या सेक्शनमधली दोन पोरं तरी देहरादूनला जातील. पलटणीला दोन्ही माणसं लागतात.

पुढच्या भागात आपण बेळगावच्या मिलिटरी स्कूलची गोष्ट बघू. जवानांच्या मुलांसाठी १९४५ मध्ये निघालेली ही शाळा आजच्या विषयाचीच दुसरी बाजू आहे. तुमच्या घरात कोणी सुभेदार, रिसालदार, मास्टर चीफ किंवा वॉरंट ऑफिसर असतील तर त्यांना हा भाग जरूर ऐकवा, आणि त्यांना काय वाटलं ते मला कळवा.

जय हिंद.